तुम्ही विचारलंत म्हणून : सगळा मायटोकॉन्ड्रियल जीनोम कशासाठी वाचायचा?

मी शार्कच्या डीएनएवर काम करते हे कळले की बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात: एका जनुकावरून मुशीची जात ओळखता येते, तर सगळा मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागांतला संपूर्ण डीएनए, वाचण्याचा खर्च कशासाठी?

जात ओळखण्यापुरते हे म्हणणे बरोबर आहे. परंतु एकाच जातीच्या, दोन नद्यांत राहणाऱ्या मुशी एकमेकींत मिसळतात का, हा प्रश्न निराळा आहे आणि दुर्मीळ जातीच्या संरक्षणाची आखणी त्याच्या उत्तरावर ठरते.

मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वर्तुळाकार असतो, तो आईकडूनच येतो, आणि शार्कमध्ये त्यात सुमारे १६,७०० अक्षरे व ३७ जनुके असतात. सस्तन प्राण्यांत त्याचा ‘नियंत्रक भाग’ (जनुके नसलेला छोटा तुकडा) झपाट्याने बदलतो, म्हणून समूहांचा माग काढण्यासाठी तेवढाच तुकडा वाचण्याची प्रथा पडली आणि ती शार्कच्या अभ्यासातही तशीच उतरली. वास्तविक शार्कचा हा डीएनए सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कितीतरी सावकाश बदलतो, हे १९९२ मध्येच दाखवले गेले होते.

या प्रथेची मर्यादा किती मोठी आहे हे मला पटले ते उत्तर ऑस्ट्रेलियातल्या स्पिअरटूथ शार्कमुळे. तिथल्या कायद्याने अतिसंकटग्रस्त ठरवलेली ही मुशी लहानपणी भरती-ओहोटीच्या गढूळ नद्यांत वाढते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन नदीखोऱ्यांतल्या ९३ मुशींचे संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम वाचले गेले, तेव्हा नियंत्रक भागात एकच उत्परिवर्तन (डीएनएच्या अक्षरांतला बदल) आढळले. तेवढ्यावर थांबले असते तर तिन्ही खोऱ्यांतल्या मुशी एकाच समूहाच्या मानल्या गेल्या असत्या. संपूर्ण जीनोममध्येही विविधता अत्यल्पच होती, तरी खोऱ्याखोऱ्यांतला वेगळेपणा तिने स्पष्ट दाखवला. म्हणजे एका नदीतल्या माद्या संपल्या, तर शेजारच्या नदीतून त्यांची जागा सहजासहजी भरून निघणार नाही.

हा मुद्दा आपल्यालाही दूरचा नाही, कारण स्पिअरटूथच्या जवळच्या नात्यातली, पण वेगळ्या जातीची गंगा शार्क २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेली नोंदवली गेली आहे.

मात्र हा डीएनए केवळ माद्यांचा वारसा सांगतो. नर एका नदीतून दुसरीकडे जाऊन प्रजनन करतात का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आई-वडील दोघांकडून येणारा पेशीकेंद्रातला डीएनएही वाचावा लागतो, आणि म्हणूनच मुशीच्या परातून (पोहण्याच्या पंखातून) घेतलेल्या इवल्याशा तुकड्याचा काही भाग मी पहिल्यापासून त्या कामासाठी राखून ठेवते.