कीविनॉची मार्च ट्रिप: स्नोमोबिलची स्लाइड जळली तेव्हा काय केलं, आणि तुम्ही जाणार असाल तर काय करा

मिशिगनच्या अपर पेनिन्सुलाला, त्यातही कीविनॉला स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, बर्फावर ट्रॅकने चालणारी गाडी, घेऊन जायचा विचार करणारे मराठी लोक आता बरेच दिसतात, डेट्रॉईटकडून तर दर हिवाळ्यात कोणी ना कोणी निघतंच, म्हणून हे सविस्तर लिहितोय. फोटो आणि कौतुक सगळे टाकतात, पण सस्पेन्शनच्या स्लाइडबद्दल कोणी बोलत नाही आणि ट्रिप बहुतेक वेळा तिथेच अडकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्नोमोबिलचा रबरी ट्रॅक ज्या सांगाड्याभोवती फिरतो त्यात खाली दोन लांब अ‍ॅल्युमिनियमच्या रेल असतात, आणि त्या रेलच्या तळाला प्लास्टिकची एक लांबलचक पट्टी खाचेत सरकवून बसवलेली असते, आपल्या फ्लॅटची स्लायडिंग खिडकी चॅनलमध्ये बसते ना तशीच. ती पट्टी म्हणजे स्लाइड, इकडचे जुने लोक तिला हायफॅक्स म्हणतात. ट्रॅकवर आतून स्टीलच्या क्लिपा असतात त्या या पट्टीवरून घासत धावतात. म्हणजे गाडीचं आणि तुमचं बरंच वजन धावत्या स्टीलवर टेकलेलं असतं आणि मध्ये फक्त ते प्लास्टिक. तिथे तेल नाही, ग्रीस नाही, जे काही वंगण आहे ते बर्फाचं. ट्रॅकमधून भुसभुशीत बर्फ आत उडतो, वितळतो, त्या पाण्याच्या पातळ थरावर क्लिपा सरकतात. बर्फ आत यायचा थांबला की घर्षण सुरू, आणि हे प्लास्टिक साधारण १३० ते १३५ अंश सेल्सियसला वितळतं. वेगात कोरड्या कडक बर्फावर तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

आम्ही चौघं होतो, मी, माझा मेव्हणा आणि मंडळातल्या ओळखीचे दोघं. ट्रेलर लावून मॅकिनॉ ब्रिजवरून गेलो. होटनपर्यंत नऊ-दहा तास धरूनच चाला, आणि ब्रिजवर वारा जास्त असेल तर ट्रेलरवाल्यांना थांबवतात किंवा सोबत गाडी देऊन सोडतात, त्यामुळे निघण्याआधी वाऱ्याची स्थिती बघून घ्या. कीविनॉचा बर्फ हा लेक सुपीरियरचा बर्फ. उघड्या पाण्यावरून थंड वारा येतो, वाफ उचलतो आणि त्या डोंगराळ पट्ट्यावर आणून टाकतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच पडला होता, मोहॉकच्या पुढे हायवे ४१ च्या कडेला तो उंच मोजपट्टीचा बोर्ड आहे, तिथे थांबून बघाच, मान वर करून बघावं लागतं. पण मार्चची गोष्ट वेगळी. दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो, रात्री तो काचेसारखा गोठतो आणि सकाळी त्याच ट्रेलवर तुम्ही निघता. आकड्यांवर जाऊ नका, जमिनीवर चार फूट बर्फ असला तरी वरचा इंचभर सुटा आहे का तेच स्लाइडच्या कामाचं.

होटन आणि हॅनकॉकच्या मधला लिफ्ट ब्रिज हिवाळ्यात पूर्ण खाली ठेवतात, त्यामुळे त्याचा खालचा डेक स्नोमोबिलला मिळतो आणि वरून मोटारी जातात. पाण्यावरून तसं जायची मजा खरंच वेगळी आहे. पलीकडून कॅल्युमेटकडे जुन्या रेल्वेच्या मार्गावरून ट्रेल आहे आणि पुढे कॉपर हार्बर. तिकडे उत्तरेला बर्फ मऊ होता, झाडी दाट, सावली भरपूर, गाड्या लोण्यासारख्या पळाल्या. कॅल्युमेटला पेस्टी खाल्ली, तांब्याच्या खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांनी आणलेला पदार्थ, बटाटा-मांस भरलेली, खिशात घालून नेता येते आणि थंडीत पोट भरतं. तिथल्या दिवसांबद्दल अजून लिहिण्यासारखं खूप आहे पण आज ते बाजूला.

त्रास झाला तो दक्षिणेकडे बिल निकल्स ट्रेलवर. हा जुन्या कॉपर रेंज रेल्वेचा मार्ग, सरळ, सपाट, आणि सरळ असल्यामुळेच लोक तिथे वेग घेतात. टोइव्होलाच्या बाजूला उघड्यावर ऊन खाल्लेला भाग होता, ट्रेल घट्ट दाबलेला, वर चकाकी. मी मेव्हण्याच्या मागे होतो, मला आधी वास आला. जळक्या प्लास्टिकचा तो वास एकदा ओळखला की विसरत नाही. मग त्याची गाडी हळू व्हायला लागली, थ्रॉटल तेवढाच पण वेग नाही, आणि टेंपरेचरचा दिवा लागला. हे दोन्ही एकत्र होतं त्याला कारण आहे, लिक्विड कूल्ड गाडीचे हीट एक्स्चेंजर टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या भागाच्या, आत असतात आणि तेही त्याच उडणाऱ्या बर्फाने थंड होतात. त्यामुळे दिवा लागला तर फक्त इंजिनचा विचार करू नका, स्लाइड त्याआधीच तापलेली असते.

आता इथे सगळ्यात महत्त्वाचं. वास आला की कडक ट्रेलवर तिथल्या तिथे ब्रेक मारून उभे राहू नका. आजूबाजूला जागा सुरक्षित असेल तर ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फात घ्या, हळू चालवत राहा, बर्फ आत जाऊ द्या, स्लाइड थंड होऊ द्या आणि मग थांबा. गरम असताना थांबलात तर वितळलेलं प्लास्टिक क्लिपांना चिकटून गोठतं आणि ट्रॅक जागचा हलत नाही. मेव्हण्याच्या गाडीचं तेच झालं होतं, त्याला कडेला घ्यायला जागाच मिळाली नाही, एका बाजूला उतार होता. अशा वेळी थ्रॉटल देऊन जोर लावू नका, इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्ट जळेल. दोघांनी मागचा बंपर धरून गाडी उचलून जोरात हलवायची, खाली आपटायची, दोन-तीनदा केलं की चिकटलेलं सुटतं.

सुटल्यावर गाडी आडवी केली. आडवी करताना पेट्रोल आणि ऑइल कुठून गळू शकतं ते आधी माहीत हवं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, घरी मॅन्युअल बघून ठेवा की कोणत्या कुशीवर करायची, आणि जास्त वेळ तशी ठेवू नका. बघतो तर उजव्या स्लाइडचा पुढचा बोल्ट तुटलेला आणि स्लाइड चारेक बोटं मागे सरकलेली. पुढच्या वळणावर रेल उघडी पडलेली. हे वाईट, कारण ट्रॅक ड्राइव्हवरून खाली येऊन तिथेच वळतो, सगळा भार त्या वळणावर येतो, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलच्या क्लिपा चालल्या की रेल खरवडली जाते. स्लाइड स्वस्त आहे, रेल स्वस्त नाही.

तिथल्या तिथे केलेली दुरुस्ती अशी. मागच्या अ‍ॅक्सलचा बोल्ट सैल केला, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर मागे घेतले, आणि घेताना किती आटे फिरवले ते मोठ्याने मोजले, दोन्हीकडे सारखे, कारण परत बसवताना तेवढेच फिरवायचे असतात नाहीतर ट्रॅक तिरका धावतो. ट्रॅक ढिला झाला की रेल आणि ट्रॅकमध्ये फट मिळते. चाकूने वितळलेले ओघळ खरवडले, खाचेत अडकलेली खडी काढली, मग स्लाइडच्या मागच्या टोकाला लाकडाचा तुकडा धरून हातोडीने ठोकत पुढे आणली, जोपर्यंत बोल्टची भोकं जुळली नाहीत तोपर्यंत. थेट हातोडी मारू नका, थंडीत टोक फुटतं. आमच्याकडे जादा बोल्ट आणि नायलॉनवाला नट होता, बसला. बोल्ट नसेल तर जाड तार भोकातून ओवून घट्ट पिळायची, पिळलेली टोकं अशी वळवायची की ट्रॅकला लागणार नाहीत. मुक्कामापर्यंत पोचण्यापुरती ती चालते, त्यापुढे नाही.

परत येताना त्याला मध्ये ठेवला, वेग कमी, ट्रेलच्या कडेकडेने जिथे सुटा बर्फ मिळेल तिथे, आणि कडक भाग आला की थांबून हाताने दोन्ही स्लाइडवर बर्फ टाकायचा. कंटाळवाणं काम आहे पण पोचलो. रस्ता ओलांडताना डांबरावर अजिबात रेंगाळू नका, आणि नांगरून साफ केलेल्या लाकूडतोडीच्या रस्त्यावरून शॉर्टकट घ्यायचा मोह टाळा, तिथे वर खडी असते.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गॅरेज होतं, अपर पेनिन्सुलात अशी सोय बऱ्याच ठिकाणी मिळते, बुकिंग करताना विचारून घ्या, गरम गॅरेज असेल तर थोडे जास्त पैसे द्या. दोन्ही स्लाइड बदलल्या, एक खराब झाली तरी जोडीनेच बदलाव्या, नाहीतर ट्रॅकला दोन बाजूंना वेगवेगळी उंची मिळते. जुनी मागच्या बाजूने ठोकून बाहेर काढली. काही गाड्यांवर सस्पेन्शनचे पुढचे बोल्ट सोडावे लागतात, त्याच्या गाडीचे नव्हते सोडावे लागले. मग रेलवर बोट फिरवून बघितलं, जिथे धारा आल्या होत्या तिथे कानस मारली, बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का ते टॉर्च लावून पाहिलं. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि मग नवी स्लाइड खरवडलेल्या रेलवर चढवताना अर्ध्यात अडकते. नव्या पट्टीच्या टोकाच्या कडा थोड्या तासल्या, साबणाचं पाणी लावलं आणि मागून पुढे सरकवली. ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते.

क्लिपा पण बघा. एखादी निघालेली किंवा धार आलेली असेल तर ती नवीन स्लाइडला रंध्यासारखी तासत राहते. रेलला लागून असलेली छोटी चाकं हाताने फिरवून ऐका, खरखर आली तर बेअरिंग गेलं, आणि चाकाचं रबर झिजलं की तेवढा भार स्लाइडवर येतो. मेव्हण्याच्या गाडीचं एक चाक असंच खरखरत होतं, त्याच बाजूची स्लाइड गेली, आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही.

झीज कशी झालीये यावरून गाडी खूप काही सांगते. एका कडेने जास्त झिजली असेल तर ट्रॅक तिरका आहे. सगळी मिळून लवकर झिजत असेल तर ट्रॅक फार ताणलेला आहे का बघा, बरेच जण ट्रॅक सुटू नये म्हणून घट्ट करून ठेवतात आणि त्याने स्लाइड आणि ताकद दोन्ही जातात. मॅन्युअलमध्ये किती वजन टांगून किती खाली यायला पाहिजे ते दिलेलं असतं, तसंच ठेवा. फक्त पुढच्या वळणावर झीज असेल तर सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मवर भार जास्त पडतोय. पट्टीच्या बाजूला झिजेची रेषा असते, तिच्या जवळ आली की बदला, ट्रिपच्या आधी बदला, परत आल्यावर नाही.

स्क्रॅचर घ्याच. रेलवर बसवायच्या स्प्रिंग स्टीलच्या काड्या असतात त्या, कडक बर्फ ओरबाडून त्याचा भुगा आत उडवतात. स्लाइड आणि कूलिंग दोन्हीला उपयोग. आमच्यात ज्यांच्याकडे खाली सोडलेले होते त्यांच्या स्लाइड त्याच ट्रेलवर थंड राहिल्या, यापेक्षा मोठा पुरावा मला नको. रिव्हर्स घेताना मात्र बऱ्याच प्रकारांचे आधी वर उचलून अडकवावे लागतात, नाहीतर वाकतात, हे गाडी घेतल्या घेतल्या घरच्यांना पण शिकवा. मऊ बर्फात वर ठेवा.

सोबत काय ठेवायचं तर स्लाइडचे जादा बोल्ट आणि नट, अ‍ॅक्सलच्या मापाचा पाना, छोटी हातोडी, लाकडाचा ठोकळा, तार, चाकू, एक चाक बेअरिंगसकट, आणि टॉर्च. स्लाइडची जोडी लांब असते, गाडीवर नेता येत नाही, पण ट्रेलरमध्ये ठेवा. घेताना नीट बघा, ट्रॅक १२१ इंची आहे की १३७ की अजून लांब त्यावर लांबी ठरते, आणि खाचेचा आकार कंपनीप्रमाणे बदलतो, जुन्या पट्टीचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. तिकडे रविवारी दुकान उघडं सापडेल असं गृहीत धरू नका. कॅल्युमेटच्या वर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, नकाशा आधी डाउनलोड करा आणि एकट्याने जाऊ नका.

मिशिगनचे ट्रेल १ डिसेंबर ते ३१ मार्च एवढेच उघडे असतात, परमिट आणि हेल्मेट दोन्ही लागतं. मला विचाराल तर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाणार असाल तर सकाळी कडक ट्रेलवर घाई करू नका, थोडं ऊन येऊन वरचा थर मऊ झाला की निघा, दुपारी फार ओलं व्हायच्या आत परत या, आणि लांबचा सरळ रेल्वेमार्ग सोडून झाडीतले वळणावळणाचे ट्रेल घ्या. घरी आल्यावर खालून पाण्याने मीठ धुऊन टाका, हायवेवर ट्रेलरमागे सगळं मीठ त्या चाकांच्या बेअरिंगमध्येच जाऊन बसतं.