जिन्यातली बाई

दुपारी वीज गेली. मोबाइलवर नुसतं बोट फिरवत बसले होते, तर तो फोटो पुन्हा समोर आला. इंग्लंडात नॉरफकमधल्या रेनम हॉलचा रुंद जिना, आणि त्यावरून उतरणारा एक धुरकट बाईमाणसाचा आकार. १९३६ च्या सप्टेंबरात 'कंट्री लाइफ' मासिकासाठी दोघेजण वाड्याचे फोटो काढायला गेले होते. भूत फुकटात मिळालं.

ही म्हणे डोरोथी वॉलपोल. भाऊ रॉबर्ट म्हणजे ब्रिटनचा पहिला पंतप्रधान. नवरा चार्ल्स टाउनशेंड शेतात सलगम लावायच्या नादापायी 'टर्निप टाउनशेंड' म्हणून अजरामर झालेला. (सलगमाची भाजी मला मुळीच आवडत नाही, ते असो.) १७२६ साली ती देवीच्या रोगाने गेली, असं कागद सांगतो. लोक सांगतात, नवऱ्याने कोंडून घातली होती. तेव्हापासून तपकिरी जरीच्या झग्यात फिरते. कॅप्टन मॅरियट नावाच्या कादंबरीकाराने तर तिच्यावर पिस्तूल झाडलं, अशी हकिकत त्याच्या मुलीने लिहून ठेवलीय. बाई हातातला दिवा तोंडाशी धरून हसली आणि गोळी समोरच्या दारात रुतली!

पण भुतांना जिनाच का लागतो? न्हाणीघरात किंवा कोठारात कोणी दिसल्याचं सहसा ऐकू येत नाही. आमच्या गावच्या घरी माळ्यावर जायला अरुंद लाकडी जिना होता. पाचवी पायरी करकरायची. तिन्हीसांजेला आजी कांदे आणायला पिटाळायची, तेव्हा मी ती पायरी गाळून चढायचे. उतरताना पदरात, म्हणजे फ्रॉकच्या ओच्यात, कांदे असायचे. मग पाय नेमका तिच्यावरच पडायचा. निम्मे कांदे माझ्याआधी खाली.

माळ्यावर कांद्यांच्या पलीकडे एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबांच्या आत्याची. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, पुढं साठ वर्षं माजघरामागच्या काळोख्या खोलीत राहिलेली. एकदा ट्रंक उघडली, तर वर आलवणाची घडी. मूळचं तांबडं असणार. तेव्हा विटून तपकिरीच झालं होतं.

तिला कोणी कोंडलं वगैरे नव्हतं, असं घरात सगळे सांगत. तिचं भूत पाहिल्याचं मात्र कोणीच कधी सांगितलं नाही.