तुम्ही विचारलंत म्हणून: ओळी लहानमोठ्या का?

दापोली-गुहागरकडे बायनरीचा (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा) तक्ता दाखवला, ज्यात दर संख्येला एक ओळ असते, की एक प्रश्न येतोच: ‘ओळी अशा तोकड्या-लांब का? उरलेल्या जागी शून्य भरून तक्ता चौकोनी का करत नाही?’

कारण ओळीची लांबी हीसुद्धा माहितीच आहे. समजा, काजूबिया तोलायला १, २, ४, ८ किलोचं एकेकच वजन आहे. १३ किलोला ८, ४ आणि १ लागतात. वजनांना लहानापासून ०, १, २, ३ असे क्रमांक दिले की तेराची ओळ होते ०, २, ३. बाराची २, ३. आठची नुसती ३. संख्येच्या बायनरी रूपात जितके एक, तितकी ओळ लांब. शून्याची ओळ रिकामी असते, पण तक्त्यात तिची जागा ठेवावी.

इथे ० हा एक किलोच्या वजनाचा क्रमांक आहे, म्हणून भरतीचं शून्य खरं की खोटं ते ओळखताच येत नाही. एक्सेलमध्ये शून्य न भरताही हा घोटाळा होतो. क्रमांकावरून वजन काढायला २ चा तितकाच घात घेतात (क्रमांक ३ म्हणजे २³ = ८). रिकामा चौकोन त्या घाताच्या जागी गेला की ० धरला जातो आणि उत्तर १ येतं. चार रकान्यांत बाराची ओळ ठेवून अशा वजनांची बेरीज केली की मिळतात १४! रिकामे चौकोन आधी वगळा. क्रमांक १ पासून दिलेत तर भरतीचं शून्य ओळखता येतं खरं, पण घात एकाने कमी करायचं राहिलं की उत्तर दुप्पट.

तक्ता सलग लिहिला तर ०, १, ०, १, २, ०, २… असा दिसतो. ओळ कुठे तुटते हे त्यावरून कळत नाही: ‘०, १’ या एक आणि दोनच्या दोन ओळी, की तीनची एक? म्हणून एकपासूनच्या ओळींच्या लांबींची यादी जवळ हवी: १, १, २, १, २, २, ३… बारापर्यंतची बेरीज २२, म्हणून तेराची ओळ २३ ते २५ या पदांवर.

मला जास्त आवडतो तो सलग आलेल्या सारख्या अंकांच्या गटांचा तक्ता. १३ म्हणजे ११०१, गट २, १, १. ११ म्हणजे १०११, गट १, १, २. आकडे तेच, संख्या वेगळ्या. वजनांच्या तक्त्यात क्रम उलटसुलट झाला तरी संख्या परत मिळते. इथे क्रम हलला की संख्याच बदलते.