प्लास्टर गरम होतं, बाई

पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आमच्या ग्रुपला दीड तास मिळतो. मोने, व्हॅन गॉग, वरचं मोठं घड्याळ, फोटो, की बसकडे पळायचं. खालच्या दालनातल्या 'सापाने डसलेली स्त्री' या पुतळ्यापाशी मी कधी रेंगाळायचे नाही. फुलांवर अंग पिळवटून पडलेली विवस्त्र बाई, आणि ग्रुपमध्ये सासू-सासरे, सुना, शाळकरी पोरं. "ही एका कवीची प्रेयसी," एवढं बोलून पुढे.

त्या दिवशी मिरजेच्या एक काकू मागेच राहिल्या. बोलवायला गेले तर त्या पुतळ्याच्या मांडीकडे वाकून बघत होत्या.

"हे बघ, कातडीला खड्डे आहेत. हे छिन्नीने सुचत नाही कुणाला. आधी प्लास्टरचा साचा घेतलाय हिच्या अंगावरून."

काकू तीस वर्षं हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर रूममध्ये नर्स होत्या. १८४७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हा पुतळा मांडला तेव्हा टीकाकारांनी शिल्पकार क्लेसांजेवर हाच ठपका ठेवला होता: घडवलं नाही, अंगाचा ठसा उचलला. मी हे वाचलेलं होतं, पण खड्डे कधी पाहिले नव्हते.

"प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, बाई. नीट तेल लावलं नसेल तर काढताना लव उपटून येते. किती वेळ पडून राहिली असेल गं ही? कोण होती?"

मग मी सांगितलं, जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं. अपोलोनी साबातिए. जन्म १८२२, आई शिवणकाम करणारी. मोसेलमन नावाच्या श्रीमंत उद्योजकाने तिला ठेवलं होतं, पुतळाही त्यानेच करवून घेतला. रू फ्रोशोवरच्या तिच्या घरी रविवारी जेवणावळी व्हायच्या. फ्लोबेर, गोतिए, बोदलेर असे लेखक-कवी यायचे. गोतिएने तिला 'ला प्रेझिदांत', म्हणजे अध्यक्षीणबाई, हे नाव दिलं. मी सांगायचे तो कवी म्हणजे बोदलेर. तो तिला १८५२पासून निनावी कविता पाठवायचा, अक्षर बदलून. १८५७मध्ये त्याच्या कवितासंग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि सहा कविता कोर्टाने गाळायला लावल्या. त्यातली एक हिच्यावरची होती. त्याच ऑगस्टमध्ये ती त्याच्याकडे मनापासून गेली, तर त्याने पत्र लिहिलं: काही दिवसांपूर्वी तू देवता होतीस, आता तू बाई झालीस.

काकूंनी चष्मा काढून पुसला.

"बाईच होती की आधीपासून. त्याला दिसली नाही."

पुढे मोसेलमननेही साथ सोडली. ती स्वतः छोटी व्यक्तिचित्रं रंगवायची, हेही मी सांगितलं. इतक्या वर्षांत हे मी कुठल्याच ग्रुपला सांगितलेलं नव्हतं, आणि ते बोलताना माझंच मला फार वाईट वाटलं. जिच्या टेबलावर अख्खं साहित्यिक पॅरिस जेवलं, तिची मी दर दौऱ्यात एका पुरुषाच्या नावाने ओळख करून देत होते.

एव्हाना दहा-बाराजण भोवती जमले होते. एका सासूबाईंनी सुनेला हाताने पुढे ओढलं, "बघ, खरंच खड्डे आहेत." पोरांना कुणी मागे सारलं नाही. काकू सगळ्यांना दाखवत होत्या, काचेवर हात ठेवावा तसा हवेतच तळवा धरून, पुतळ्याला न शिवता: मांडी, कंबर, मग मनगटाभोवतीचा तो इवलासा साप.

"हा नंतर लावलाय," त्या म्हणाल्या. "नुसती बाई दाखवायची लाज वाटली असणार."

बसला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. व्हॅन गॉग राहिला. तक्रार एकाचीही आली नाही.