बोट लागणाऱ्यांसाठी: दोन डाइव्हच्या मधला तो एक तास

"एकदा पाण्यात उतरलीस ना, की मळमळ आपोआप थांबते." निघण्याआधी हे वाक्य मला चार जणांनी ऐकवलं. चौघांपैकी एकालाही बोट लागत नाही, हे मला नंतर कळलं.

चार दिवस, रोज दोन स्कूबा डाइव्ह, असा बेत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट होता, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल.

जाताना पाऊण तास बोट लाटा फोडत पळत होती, मला काहीच झालं नाही. पहिला डाइव्हही छान झाला. अठरा मीटरवर सगळं शांत. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने कमी होते. दोन लाटांमध्ये जितकं अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ संपते. म्हणजे ते चौघे खोटं बोलले नव्हते, अर्धवट बोलले होते. कारण वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉपला (शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून) थांबावं लागतं, आणि तिथे लाट चांगलीच जाणवते. मी नांगराची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. महामूर्खपणा. बोट वर उचलली गेली की दोरी वर, दोरीबरोबर मी. खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ४.२, ५.७, ४.१ असे आकडे नाचत होते आणि मी ते बघत बसले होते. दोरी सैल धरा, हात लांब ठेवा, आणि नजर खालच्या खडकावर. आकडा अधूनमधून पाहिला तरी पुरतो.

पण खरी वाट लागली ती त्यानंतर, दुसऱ्या डाइव्हआधीच्या तासाभरात. धावणारी बोट लाटांना तोंड देते. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, आणि लाटा दुसऱ्याच दिशेने येत असतील तर आडवी झुलत राहते. एका झोक्याला साधारण पाच सेकंद. मी मोजले, दुसरं काही करण्याच्या अवस्थेत नव्हते. माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला ०.२ आवर्तनांच्या आसपासच्या हालचालीने, हे परतल्यावर वाचलं. हिशोब करा, तोच झोका. त्यात इंजिन चालू ठेवलेलं, डिझेलचा धूर मागच्या बाकावर, आणि मी मागच्याच बाकावर. वर डाइव्हमास्टरचा, म्हणजे आम्हाला डाइव्हवर नेणाऱ्या गाइडचा, हुकूम, "टाकी बदलून घ्या." वाकून रेग्युलेटरचा (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राचा) स्क्रू फिरवायचा, ओ-रिंग ही रबरी कडी नीट बसलीय का ते डोळे बारीक करून बघायचं. तिथेच माझा खेळ संपला. मग मी आणखी एक चूक केली, टॉयलेटमध्ये गेले. बंद खोली, क्षितिज नाही, रसायनाचा वास. आत जाऊ नका. कोणी काही म्हणो, उलटी कठड्यावरूनच करा.

एका खलाशाने मायेने गोळी दिली. "ताई, दहा मिनिटांत बरं वाटेल." चार मिनिटांत ती अख्खी बाहेर आली, वरचा गुलाबी रंगही गेला नव्हता. मळमळ सुरू झाली की पोट पुढे ढकलायचं कामच थांबवतं, त्यामुळे तेव्हा घेतलेली गोळी फुकट. दुसरा डाइव्ह मी सोडला, पैसे पूर्ण कापले. अटींमध्ये लिहिलं होतं म्हणे. तेव्हा बुकिंग करताना मासे कोणते दिसतील ते राहू द्या, आधी एवढंच विचारा: मधल्या वेळात बोट कुठे थांबते? आडोशाला नेत असतील तर जा. "तिथेच थांबतो" म्हणाले, आणि तुम्हाला बोट लागत असेल, तर दुसरी बोट शोधा.

दुसऱ्या दिवशी समुद्र तसाच होता, पण दोन्ही डाइव्ह केले. गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक, डॉक्टरांना विचारून. मेक्लिझिन, सिनारिझिन, प्रोमेथाझिन यांपैकी तुम्हाला काय सोसतं ते घरीच घेऊन बघा, समुद्रावर प्रयोग नको. प्रोमेथाझिनने मला इतकी झोप येते की ते घेऊन मी पाण्यात उतरणार नाही. खोलीवर दाबाखालच्या नायट्रोजनची गुंगी आधीच असते. माझ्या बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारणीने, कानामागे स्कोपोलामिनची पट्टी लावली. ती किमान चार तास आधी लावायची, तीन दिवस चालते, तोंड कोरडं पडतं, काचबिंदू असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. लावल्यावर हात धुवायचे असतात. तिने धुतले नाहीत, त्याच बोटाने डोळा चोळला, आणि दुपारपर्यंत एक बाहुली मोठी, एक लहान. डाइव्हनंतर अशी बाहुली दिसली की मेंदूला काही झालं की काय, या शंकेने सगळ्यांची पाचावर धारण बसते.

टाक्या, वेटसूट, सगळी जोडणी धक्क्यावरच उरकून घ्या. बसायचं बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवर, नजर क्षितिजावर. मोबाइल बॅगेत. आल्याने मला काडीचा फरक पडला नाही. मळमळीवरचा मनगटाचा पट्टाही गेला पाण्यात, अक्षरशः.

पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडातून काढू नका. उलटीनंतर माणूस आपसूक जोरात श्वास ओढतो, आणि तोंडात रेग्युलेटर नसेल तर पाणी ओढतो. हाताने तो धरून ठेवा, त्यातच ओका, पर्ज बटण (हवेच्या झोताने आतलं बाहेर फेकणारं) दाबून साफ करा. अडकलंच काही तर ऑक्टोपसवर, म्हणजे जादाच्या रेग्युलेटरवर, या. वर आल्यावर घोट घोट पाणी प्या, शरीर सुकलं की डीकंप्रेशनचा (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो. आणि एक गोष्ट फार गांभीर्याने सांगते: चक्कर-उलटी डाइव्ह झाल्यावरच सुरू झाली आणि जमिनीवर आल्यावरही थांबत नसेल, तर "बोट लागली असेल" म्हणून झोपून जाऊ नका. आतल्या कानाचं डीकंप्रेशन असंच दिसतं. ऑक्सिजन मागा, डॉक्टर गाठा.

कठड्याशी जाताना वारा कुठून येतोय ते मात्र बघा आणि पलीकडच्या बाजूला जा. माझ्या शेजारच्या काकांनी बघितलं नव्हतं. त्यांचा वेटसूट परतीच्या वाटेवर माझ्या टॉवेललगत वाळत होता.