ट्रॉली चढावर असते

जळगावात फिजिओथेरपी करायची म्हणजे खांदे बघायचेच. रावेर-यावलकडचे केळीचे घड वाहणारे मजूर, जिनिंगमधले हमाल, एमआयडीसीतले कामगार. 2023 च्या मे महिन्यात मात्र खांदा घेऊन आली ती एक एअर होस्टेस. मूळची चोपडा तालुक्यातली, रजेवर घरी आलेली. सोबत वडील. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "झोपेत अवघडला असेल हात. विमानात हिला काय, चहा-कॉफीच तर द्यायची असते."

तिला उजवा हात बाजूने हळूहळू वर न्यायला सांगितला. चेहऱ्यावर काहीच नाही, उलट ओठांवर हलकं हसू. माझं लक्ष सहज खाली गेलं, तर चपलेतली पायाची बोटं गच्च आवळलेली. हात खांद्याच्या वर गेला आणि बोटं सैल झाली. खाली आणताना त्याच टप्प्यावर पुन्हा आवळली. मधल्याच टप्प्यात दुखतं ही खांद्यातल्या स्नायूबंधाच्या इजेची ओळखीची खूण. एमआरआयमध्ये तो अर्धवट फाटलेला निघाला. प्रवाशांसमोर चेहरा पाडायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं. केळीवाला निदान "मायवं" तरी ओरडतो!

वडील औषध आणायला गेल्यावर ती मोकळी झाली. भरलेली ट्रॉली ऐंशी-नव्वद किलोंच्या घरात जाते. विमान वर पोचून सरळ उडत असलं तरी त्याचं नाक दोन-तीन अंश वरच असतं, म्हणजे पुढच्या बाजूला ढकलताना ट्रॉली कायम चढावर. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यात प्रवाशांच्या बॅगा. सात किलोंची मर्यादा कागदावर, दहा-बारा किलोंची बॅग डोक्यावरच्या कप्प्यात सारायला हाक हिलाच. खांदा आधीच कुरकुरत होता. मग एकदा उतरायच्या आधी ट्रॉली जागेवर लावताना विमान दणकन खाली गेलं. ब्रेक अजून दाबायचा होता. ट्रॉली प्रवाशाच्या गुडघ्यावर जाऊ नये म्हणून तिने एका हाताने ओढून धरली.

"कंपनीला कळवलंस?"

"सीनियर म्हणाली, इंजुरी लिहिलीस तर ग्राउंड करतील."

खरी गोम इथे होती. मूळ पगार थोडका, बाकी सगळं उड्डाणाच्या तासांवर. घरी बसलं की तो भत्ता बंद. म्हणून तिला माझ्याकडून फिट असल्याचं पत्र हवं होतं. मी साफ नाही म्हटलं. आणीबाणीत विमानाचं दार उघडायचं कामही याच हाताचं. शिवाय तिला फिट ठरवायचं ते कंपनीच्या डॉक्टरांनी.

शेजारच्या खाटेवर शेक घेत पडलेल्या मजूरबाबांनी सगळं ऐकलं होतं. "ताई, मना खांदा बी असाच दुखस. पन हाई पोर ते इमानमा काम करस ना?"

ती खळखळून हसली. त्या दिवशीचं पहिलं खरं हसू.

जिनिंगच्या कामगारांचे कागद करून करून मला 1923 चा, 2025 पर्यंत लागू असलेला नुकसानभरपाई कायदा थोडाफार पाठ झाला होता. कर्मचारी कोण, याच्या व्याख्येत विमानाचा कॅप्टन आणि क्रू स्पष्ट लिहिलेले होते. काम करताना झालेल्या इजेने तीन दिवसांहून जास्त काम थांबलं, तर जबाबदारी मालकाची. उपचाराचा खर्चही त्यात यायचा. तिला हे सांगितल्यावर ती आधी औषध घेऊन परतलेल्या वडिलांकडे बघत राहिली. मग खांद्यावर शेक ठेवूनच डाव्या अंगठ्याने मेल टाइप करायला लागली. तारीख, उड्डाण क्रमांक, सोबतच्या मुलीचं नाव, सगळं तिच्या डायरीत होतं.

वडिलांनी ट्रॉलीचं वजन दोनदा विचारून घेतलं.

कंपनीने आधी उशिरा कळवल्याबद्दल खुलासा मागितला, मग उपचाराची बिलं मंजूर केली. बुडालेल्या उड्डाण भत्त्याचं मात्र उत्तर आलं नाही. पावसाळा सरताना कंपनीच्या डॉक्टरांनी तिला फिट ठरवलं आणि ती ड्यूटीवर गेली. भत्त्यासाठीचा पत्रव्यवहार आता वडील करतात.