‘हार्ट’ ओळीने ऐकताना

शनिवार, रात्र

या आठवड्यात कामावरून आल्यावर दुसरं काही ऐकलंच नाही. ‘हार्ट’ या अमेरिकी रॉक बँडचे अल्बम, निघाले त्याच क्रमाने. सुटी गाणी कधीपासून ऐकतेय, पण असं ओळीने ऐकलं की कळतं, कुठे अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींचं चाललं आणि कुठे दुसऱ्याचं.

पहिला ‘ड्रीमबोट अ‍ॅनी’. बहिणी सिअ‍ॅटलकडच्या, पण हा अल्बम व्हँकुव्हरमध्ये झाला. अ‍ॅनचा प्रियकर माइक फिशर व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती टाळायला कॅनडात गेला होता आणि तीही त्याच्यामागे गेली. ‘मॅजिक मॅन’ हे गाणं त्याच्यावरचंच. मश्रूम रेकॉर्ड्स या तिथल्या लहान कंपनीने १९७५ मध्ये तो काढला. ‘क्रेझी ऑन यू’ सुरू होण्याआधी नॅन्सी एकटीच अकूस्टिक गिटार वाजवते. झपझप, ठासून, मध्येच थबकून. मग इलेक्ट्रिक गिटार शिरते आणि अ‍ॅन गायला लागते. आज तेवढाच भाग कितीदा लावला!

अल्बम खपू लागल्यावर मश्रूमने एका संगीत नियतकालिकात पानभर जाहिरात दिली. तिच्यातून असं सुचवलं होतं की या दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींच्या प्रेयसी आहेत. त्यानंतर एका कार्यक्रमाच्या वेळी कुणा प्रसिद्धीवाल्याने अ‍ॅनकडे तिच्या ‘प्रेयसी’ची चौकशी केली. त्याचा रोख नॅन्सीवर आहे हे लक्षात आल्यावर ती तडक हॉटेलच्या खोलीवर गेली आणि ‘बॅराकुडा’चे शब्द लिहून काढले. १९७७ च्या ‘लिटल क्वीन’मधलं हे पहिलं गाणं. हे माहीत असल्यापासून मला त्यातली दौडणारी गिटार वेगळीच ऐकू येते.

‘मॅगझीन’ या अल्बमची गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त लागते. बँडने कंपनी बदलली, तर मश्रूमने अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंग्ज आणि जुन्या कार्यक्रमांतली गाणी एकत्र करून त्यांच्या संमतीशिवाय अल्बम बाजारात आणला. प्रकरण सिअ‍ॅटलच्या कोर्टात गेलं. अल्बम परत घ्यायला लावला आणि बँडला तो दुरुस्त करायची मुभा मिळाली. अ‍ॅनने गाणी पुन्हा गायली तेव्हा मूळ टेप कुणी पुसू नये म्हणून कोर्टाने नेमलेला पहारेकरी जवळ होता. आपलाच आवाज, आपलीच गाणी, आणि वर पहारा! १९७८ मध्ये निघालेली ही दुरुस्त प्रत मी फार आदराने ऐकते.

ऐंशीच्या सुरुवातीला विक्री घसरली. मग कॅपिटल कंपनी, निर्माता रॉन नेव्हिसन आणि बाहेरच्या गीतकारांची गाणी. १९८५ चा ‘हार्ट’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘दीज ड्रीम्स’ हे त्यांचं पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं पहिलं गाणं, आणि ते गायलं नॅन्सीने! व्हिडिओंत मात्र अ‍ॅनचं वजन लपवायला कॅमेरा तिला सावलीत नाहीतर चेहऱ्याच्या अगदी जवळून दाखवायचा. जिच्या गळ्यावर सगळं उभं, तिलाच झाकायचं. याचा राग मला आजही येतो.

तरी या काळातलं सगळंच उसनं म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘अलोन’ही दुसऱ्यांनीच लिहिलेलं, लिहिणाऱ्या जोडीनेच आधी रेकॉर्ड केलेलं. १९८७ मध्ये अ‍ॅनने ते घेतलं. कडवं पियानोबरोबर, जवळजवळ स्वतःशीच. आणि ध्रुपदाला आवाज असा उसळतो की ते गाणं पुन्हा दुसऱ्या कुणाचं वाटूच शकत नाही. गाणं कुणी लिहिलं हे महत्त्वाचं आहेच, पण गळ्यालाही मालकी असते असं मी मानते.

१९९० च्या ‘ब्रिगेड’मधलं मोठं हिट गाणं पुढे अ‍ॅनला गावंसंच वाटेना, हे मला पटतं. नव्वदीच्या दशकात या बहिणींचा सिअ‍ॅटलमध्ये स्वतःचा भागीदारीतला स्टुडिओ होता, बॅड अ‍ॅनिमल्स. तिथे निर्वाणा, साउंडगार्डन या रॉक बँडनीही काम केलं. ‘हार्ट’ला २०१३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायला साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेलच उभा राहिला.

उद्या २०१० चा ‘रेड व्हेल्वेट कार’ ऐकायचा आहे. त्यातली बहुतेक गाणी पुन्हा बहिणींनीच, सहकाऱ्यांसोबत लिहिलेली. तोही अमेरिकेत पहिल्या दहात गेला, ‘ब्रिगेड’नंतर वीस वर्षांनी.